डोळ्याच्या पडद्याची गोष्ट

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी केव्हाच हेरले होते. पण हाच रोग दृष्टीही हिरावून नेतो, हे कळायला फार काळ जावा लागला. जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावायचे साधनच नव्हते! ते १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने घडविले. आणि थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या येगर यांनी मधुमेही रोग्याच्या पडद्यावरील डाग टिपले.

१९२२ साली टोरांटोत रोग्याला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. रोगी वाचू लागले. पण दैवाची थट्टा पाहा! माणसे अधिक जगू लागली, तसा पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरायला रोगालाही अवकाश मिळाला.

त्यावरचा उपाय मिळाला तो ग्रहणातून. १९४५ चे सूर्यग्रहण पाहताना एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला. जो प्रकाश जाळतो तोच बरे का करणार नाही, असे मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांच्या मनात आले. आजचे लेसर हे त्याच विचाराचे फळ. मात्र ते उरलेली दृष्टी राखते. गेलेली सहसा परत आणीत नाही.

खरी मेख इथेच आहे. हा रोग दुखत नाही, खुपत नाही. आमच्या नात्यातल्या दर्यापूरच्या एक मावशी तांदूळ निवडताना खडे दिसेनासे झाले, तेव्हा कुठे अकोल्याला डॉक्टरकडे गेल्या. “वय झालं माह्यं,” एवढेच त्या म्हणत. वेळ केव्हाच टळून गेली होती.

मग दरवर्षी इतक्या माणसांचे डोळे तपासायचे कोणी? २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी पडद्याची हजारो छायाचित्रे दाखवून संगणकाला हा रोग ओळखायला शिकविले. त्यांतली कितीतरी भारतातल्याच रोग्यांची होती. पुढे मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांतून आरोग्यसेविकांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली. निदान मोबाइलनेच केले, तेही इंटरनेटवाचून. दोनशेहून अधिक मधुमेहींची ही पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरकडे धाडण्याजोगा एकही रोगी त्या यंत्राच्या नजरेतून सुटला नव्हता. काही निरोगी माणसांवर त्याने उगाच संशय घेतला, एवढेच.

म्हणजे यंत्र पाहील आणि सांगेलही. पण मेळघाटातल्या म्हातारीला अमरावतीची वाट दाखवायला, तिचा हात धरून तिला एस.टी.त बसवायला माणूसच हवा. वाचकहो, दिवाळीत घरोघर पणत्या लागतील. त्यांच्या उजेडात घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: डोळ्यांचा पडदा शेवटचा केव्हा तपासला होता?