मशीन आमच्याकडे, कॅसेट काकांकडे



आपली घराणी इंदूरला कशी आली, कुणाचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, कुणाचे फौजेत, यावर इथे पुष्कळ लिहून झालंय आणि ते मी आवडीने वाचतो. आज मात्र जरा अलीकडचा इतिहास सांगतो. तोही आपल्याच घरांतला आहे, आणि तो कुणी लिहून ठेवणार नाही म्हणून लिहितोय. विषय आहे व्हिडिओ गेम. ज्येष्ठांनी लगेच पुढे जाऊ नये, यात आजी आहे आणि वाटणीही आहे.

१९९६ ची दिवाळी. रामबागेत आमचं जुनं घर होतं, मधे चौक आणि दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं. एकीकडे आम्ही, दुसरीकडे काका-काकू. बाबांची नोकरी, काकांचं स्टेशनरीचं दुकान. दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून जेल रोडवरून एक ‘टीव्ही गेम’ आणला. पांढरं-लाल मशीन, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. तिच्यावर मिशीवाला माणूस उडी मारताना दाखवला होता. मारिओ.

आम्हाला वाटायचं हे मशीन म्हणजे अस्सल जपानी माल. ते तसं नव्हतं, हे फार नंतर कळलं. निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं मशीन काढलं, आणि पुढे आशियाभर त्याच्या नकला निघाल्या. आपल्याकडे बहुतेक घरांत पोचली ती ही नक्कलच. मूळ मशीनमध्ये वेगवेगळ्या चिपा होत्या. नकलेत पुढे सगळं एकाच चिपेत आलं. आमचं मशीन एकदा उघडलं तेव्हा आत डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका आणि चार वायरी, एवढंच निघालं. काका म्हणाले, “यात काहीच नाही, फसवलं भियाने.” पण चालायचं मस्त.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचं. मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या गावात रानात, गुहेत भटकायचे. पाइपातून खाली उतरावं आणि तिथे वेगळीच दुनिया निघावी, ही मजा तिथून आलेली. मारिओ स्वतः १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये आधीच उड्या मारत होता. त्याला ‘मारिओ’ हे नाव मिळालं निंटेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या घरमालकावरून!

गोव्याच्या मंडळींसाठी एक गंमत. निंटेंडो ही १८८९ साली क्योतोत सुरू झालेली पत्त्यांची कंपनी. जपानला पत्ते माहीत झाले ते सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांमुळे, आणि पत्त्यांना जपानी भाषेत म्हणतात ‘कारुता’, तो शब्दही पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. ज्या पोर्तुगिजांची पूर्वेकडची राजधानी गोवा होती, तेच हे. म्हणजे नातं अगदीच लांबचं नाही.

हा सगळा खेळ ४० किलोबाइटचा होता. रोज सकाळी तुम्हाला येणारा ‘सुप्रभात’चा फोटो साधारण याहून मोठा असतो. ८ दुनिया, प्रत्येकीत ४ टप्पे, म्हणजे एकूण ३२, सगळे त्यात बसवायचे. म्हणून जागेची काटकसर आपल्या आज्या करायच्या तशी. वरचे ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. मी हे वाचलं तेव्हा आजीने जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं केलेलं आठवलं.

आणि शिकवायची पद्धतही बघा. कुठेही सूचना नाही. पहिल्याच टप्प्यात समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला धडकलात की मेलात, त्याच्यावर उडी मारली की तो मेला. पुढे प्रश्नचिन्हाच्या विटेतून मशरूम निघतं, पाइपावर आपटतं आणि परत तुमच्याकडेच येतं. ते टाळायला जावं तरी टळत नाही. खाल्लं की मारिओ मोठा. दोन मिनिटांत सगळे नियम कळले, इंग्रजीचा एक शब्द न वाचता. म्हणून तर आजीलाही कळलं.

तर शब्दांबद्दल. मे महिन्यात वडोदऱ्याची आत्या आणि बेळगावची मावशी पोरांना घेऊन यायच्या. सात-आठ पोरं, एक टीव्ही. आम्ही इंदूरवाले आपसात हिंदी मिसळूनच बोलणार, “अरे तो कछुआ येऊन राहिला!” आतेभाऊ मशरूमला म्हणायचा ‘बिलाडीनो टोप’, म्हणजे मांजरीची टोपी. मावसभाऊ म्हणायचा ‘अणबे’. आजीने ऐकलं आणि म्हणाली, “अरे, ती अळंबी! नाहीतर कुत्र्याची छत्री म्हणा.” बेळगावचं अणबे आणि आजीची अळंबी किती जवळ आहेत यावर बाबांनी आम्हाला अर्धा तास पकवलं. तोवर कुणीतरी खड्ड्यात पडून मेलं होतं.

दोघे खेळायचे तर आळीपाळीने. मारिओ मेला की लुईजीचा दाव. काकांची मुलगी, आमची ताई, सगळ्यात मोठी आणि ती मरायचीच नाही. बाकीचे आपले भेळ खात वाट बघणार. तिसऱ्या दुनियेत पायऱ्यांवर कासवाला उडवत राहिलं की जीव वाढत जातात, हे तिने शोधलं होतं. पण लोभ केला आणि जीव १२७ च्या वर गेले की हिशेब उलटतो, पुढच्या मरणाला थेट खेळ खलास. आजी म्हणाली, “अति तिथे माती.” तिला चिपेतलं काही माहीत नव्हतं, पण निदान बरोबर होतं.

१९९८ मध्ये घराची वाटणी झाली.

कारणं इथे लिहीत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि दोन्ही चुकल्या होत्या, एवढं आज कळतं. चौकात मधोमध कमरेइतकी भिंत आली. बाबा आणि काका यांचं बोलणं फक्त लग्न-मुंजीपुरतं उरलं. भांडी मोजली, कपाटं मोजली, आणि शेवटी हे मशीन निघालं. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे आमचे. काका म्हणाले, ठेवा तुम्हीच. बाबा म्हणाले, मला नको, घेऊन जा. दोघेही रागाने सोडत होते.

आजी तोवर गप्प होती. ती म्हणाली, “मशीन मोठ्याकडे, कॅसेट धाकट्याकडे. झाली वाटणी.”

त्या मशीनमध्ये स्वतःचा एकही गेम नव्हता. कॅसेट नाही तर मशीन म्हणजे खोकं, आणि मशीन नाही तर कॅसेट म्हणजे पिवळी वडी. रोज संध्याकाळी ताई फ्रॉकच्या खिशात कॅसेट घालून भिंतीवरून उडी मारून यायची. काकू बघायच्या, आई बघायची, कुणी काही म्हणायचं नाही. आजीचा निवाडा मोडायची हिंमत कुणात नव्हती.

आता विजेचं सांगतो. १ नोव्हेंबर २००० ला मध्य प्रदेशाचीही वाटणी झाली, छत्तीसगड वेगळं निघालं आणि कोरब्याची मोठी वीजकेंद्रं तिकडे गेली. आपल्याकडे लाईटचे हाल सुरू झाले. ‘बिजली, सडक, पानी’ वर २००३ ची निवडणूक लढली गेली ती उगाच नाही. या खेळात जतन करायची सोय नव्हती. लाईट गेली की सगळं गेलं, मग तुम्ही सातव्या दुनियेत का असेना.

२००१ चा मे. ताई पहिल्यांदाच शेवटच्या टप्प्यात पोचली होती, ८-४. तिथे भूलभुलैया असतो, चुकीच्या पाइपात शिरलं की परत मागे. प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी कळतं की राजकन्या इथे नाही, दुसऱ्याच किल्ल्यात आहे. आजी दर वेळी म्हणायची, “अगं बाई, परत दुसऱ्याच वाड्यात?” या खेपेला दुसरा वाडा उरलाच नव्हता. खोलीत कुणी हलत नव्हतं.

लाईट गेली.

ताई बारावीत होती, पण ढसाढसा रडली. अंधारात कुणाला काही सुचेना. भिंतीपलीकडे काकांच्या खिडकीत उजेड होता, त्यांनी नुकताच इन्व्हर्टर घेतला होता. बाबा उठले. मशीनच्या वायरी काढल्या, गुंडाळल्या, मशीन उचललं आणि चौकातून चालू लागले. तीन वर्षांत ते त्या पायरीवर चढले नव्हते. आम्ही पोरं मागोमाग.

काका दारात आले. “काय झालं?”

“पोरीचा गेम अर्धा राहिला. तुझ्याकडे लाईट आहे ना?”

काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ये ना दादा.”

त्यांच्या टीव्हीवर चॅनल लागेना. बाबा वायर धरून उभे, काका ते छोटं बटण फिरवताहेत. “आलं?” “नाही.” “आता?” “थोडं मागे घे.” तीन वर्षांनंतर दोघं एवढंच बोलले, पण पाऊण तास बोलत होते.

ताईने पहिल्यापासून सुरू केलं. १-२ मध्ये छतावरून चालत चोरवाटेने चौथ्या दुनियेत, ४-२ मधून वेल चढून आठव्या दुनियेत. रात्री साडेदहाला तिने पुलाशेजारची कुऱ्हाड गाठली, पूल कोसळला, ड्रॅगन खाली. राजकन्या भेटली. काकूंनी मुगाची खिचडी टाकली होती, ती सगळ्यांना पुरली.

शेवटी पडद्यावर काय येतं माहितीये? थोडे आभार, आणि आता आणखी कठीण खेळ पुन्हा खेळा असं आमंत्रण. आजी म्हणाली, “म्हणजे परत पहिल्यापासून?”

हो, परत पहिल्यापासून. त्या रात्रीने सगळं मिटलं असं नाही. भिंत आणखी चार वर्षं होती. पण दार उघडं राहायला लागलं, आणि २००४ मध्ये आजी गेली तेव्हा दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. आता तिथे फ्लॅट आहेत. ताई वडोदऱ्याला असते. मशीन माझ्याकडे आहे, कॅसेट तिच्याकडे. मध्यंतरी माझा मुलगा म्हणाला, कुरिअरने मागवून घ्या ना. मी म्हटलं, नाही, वाटणी झालीय. खेळायचं असेल तर जावं लागतं. दिवाळीत जाऊन राहिलोय.

तुमच्या घरी त्या अळंबीला काय म्हणायचे? ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, सगळ्यांनी लिहा.