मेबेरी : नकाशात नसलेले गाव
अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ३ ऑक्टोबर १९६० रोजी सुरू झालेली 'द अँडी ग्रिफिथ शो' ही विनोदी मालिका १ एप्रिल १९६८ पर्यंत चालली. एकूण भाग २४९. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील मेबेरी हे काल्पनिक गाव, तेथील विधुर शेरिफ अँडी टेलर, त्याचा लहानगा मुलगा ओपी आणि घर सांभाळणारी बी आत्या एवढाच तिचा संसार. ओपीची भूमिका करणारा रॉन हॉवर्ड पुढे ऑस्करविजेता दिग्दर्शक झाला.

खरी गंमत होती ती अँडीचा सहायक बार्नी फाइफ याच्यात. हाती पिस्तूल, पण गोळी एकच, आणि तीही शर्टाच्या खिशात ठेवायची, अशी अँडीची सक्त ताकीद! डॉन नॉट्स यांना या एका भूमिकेने पाच एमी पुरस्कार मिळवून दिले. आरंभी विदूषकी ढंग स्वतःकडे ठेवणाऱ्या ग्रिफिथ यांनी नॉट्स यांचे सामर्थ्य ओळखून स्वतः शांत, समंजस माणसाची बाजू पत्करली. नायकाने असे मागे सरणे दूरदर्शनच्या पडद्यावर दुर्मीळच. १९६५ मध्ये नॉट्स चित्रपटांकडे वळले, त्याच सुमारास मालिका रंगीत झाली. शेवटच्या हंगामात ती प्रेक्षकसंख्येत अव्वल ठरली खरी. पण जाणकारांचे प्रेम आजही पहिल्या पाच कृष्णधवल वर्षांवरच आहे.

येथे हशा प्रसंगातून नव्हे, स्वभावातून उपजतो. गावचा मद्यपी ओटिस रात्री स्वतःच किल्ली घेऊन कोठडीत जाऊन झोपतो. १९६३ च्या एका भागात ओपीच्या गलोलीने एक पक्षीण मरते. अँडी त्याला मारत नाही. खिडकी उघडतो आणि आईविना चिवचिवणारी पिल्ले ऐकायला लावतो. ओपी ती तीन पिल्ले वाढवतो आणि शेवटी पिंजरा उघडतो. विनोदी मालिकेत एवढी निःशब्द शिक्षा क्वचितच पाहायला मिळते.

या गोडव्याला एक काळी किनार आहे. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, फेब्रुवारीत, याच राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उपाहारगृहात ठाण मांडून वर्णभेदाला आव्हान दिले होते. मेबेरीत मात्र त्याचा मागमूस नाही. आठ वर्षांत संवाद असलेली कृष्णवर्णीय पात्रेही जवळपास नाहीतच. साठच्या दशकातील या मालिकेचा भाव तिसाच्या दशकातला होता, असे ग्रिफिथ स्वतः सांगत. म्हणजे पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळीही ती भूतकाळाचीच आठवण होती. म्हणूनच कदाचित ती जुनी होत नाही.

ग्रिफिथ यांचे २०१२ मध्ये निधन झाले. त्यांच्या माउंट एअरी या जन्मगावी १९९० पासून 'मेबेरी डेज' हा उत्सव भरतो आणि मालिकेतल्यासारख्या जुन्या पोलीस मोटारींतून पाहुण्यांना गाव दाखवले जाते. मालिकेचे बाह्यचित्रण मात्र तेथे नव्हे, दूर कॅलिफोर्नियातील स्टुडिओच्या आवारात झाले होते.