चौकात रेषा का हरवते?

भाद्रपद शुद्ध पंचमीला तासगावात गणपतीचा रथ निघतो. हजारो भाविक दोर ओढतात आणि त्या दिवशी सगळा रस्ता एकाच दिशेचा होतो. मधोमध रेषा असण्याचे कारणच उरत नाही. हे मंदिर उभारणाऱ्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या काळाला अशी रेषा ठाऊकही नव्हती. समोरून दुसरी बैलगाडी आली, तर गाडीवान हाक घालून वाट काढीत.

रेषा आली ती मोटारीमागून. १९११ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड हाइन्स यांनी रस्त्याच्या मधोमध पांढरी रेषा आखविली. दुधाच्या गाडीतून गळलेली धार पाहून त्यांना हे सुचले, असे सांगतात. आख्यायिका असेल, पण झकास आहे.

भारतात आधी प्रश्न पडला तो रस्ता कोणाचा, हा. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. (होय, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, जयकर ग्रंथालयाचे जयकर!) रस्तेविकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, हा तिचा निष्कर्ष. त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ स्थापन झाली. रस्त्यावरील रेषांची तिची संहिता मात्र १९७० साली आली.

त्याआधीच, डिसेंबर १९४३ मध्ये, नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली होती. तिने रस्त्यांची उतरंड ठरविली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग. देशाच्या रस्तेबांधणीला तिने शिस्त लावली, हे निर्विवाद. परंतु वर्ग मिळाले ते रस्त्यांना. दोन वर्गांचे रस्ते जिथे भेटतात, त्या चौकाला स्वतःचा वर्ग मिळाला नाही.

तासगावसारख्या गावात सांगली, विटा, भिलवडी, मणेराजुरीकडचे रस्ते येऊन मिळतात. महामार्ग एका खात्याचा, गावातली गल्ली नगरपरिषदेची. प्रत्येकाचे डांबर वेगळ्या वर्षी पडते, रंगही वेगळ्या ठेकेदाराचा. त्यात ब्रेक लावणारी आणि वळणारी चाके नेमकी चौकातच रंग घासून काढतात. जिथे रेषेची गरज सर्वाधिक, तिथेच ती आधी पुसली जाते. कुठे जुन्या रेषेचा सांगाडा नव्या रेषेशेजारी डोकावत राहतो आणि दोन्ही खऱ्या वाटतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याखालील, २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ते नियमांनुसार, सिग्नल वा पोलीस नसलेल्या चौकात मुख्य रस्ता म्हणून घोषित केलेल्या मार्गावरील वाहनाला आधी जाऊ द्यावे लागे; तसा रस्ता नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला. पण मुख्य रस्ता कोणता, हे चालकाने ओळखायचे कसे? वर्ग फायलीत असतो, चालकापुढे असते ते डांबर. आडव्या रस्त्याच्या तोंडाशी ‘थांबा’ सांगणारी रेषा दिसली, तरच त्याला आपला क्रम कळतो. ती नसली की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, द्राक्षांचा टेम्पो आणि शाळेची सायकल तिघेही स्वतःला मुख्य रस्त्यावर समजतात. अशा वेळी थांबते ती बहुधा सायकल.