किताब, मुसहफ आणि अहले किताब

मराठी वर्तमानपत्रात आपण 'महाराष्ट्र केसरीचा किताब' असे वाचतो आणि घरी दखनीत मुलांना 'किताब उठाके रख' म्हणतो. हे दोन शब्द कानाला सारखे लागले तरी एक नाहीत. पहिला मूळचा अरबी 'खिताब', म्हणजे संबोधन, पदवी. मराठीत येताना त्याच्या 'ख'चा 'क' झाला. दुसरा 'क-त-ब' या धातूपासून आलेला. आपल्याला बोलायचे आहे ते या दुसऱ्याविषयी, कारण त्याच्या अर्थावर एक जुना वाद उभा आहे. 'अहले किताब' कोणाला म्हणायचे? यहुदी आणि ख्रिस्ती एवढ्यांनाच, की ज्यांच्या शेजारी आपण शेकडो वर्षे राहत आलो त्या हिंदूंनाही? हा प्रश्न निकाहच्या वेळी निघतो, जेवणाच्या ताटावर निघतो, आणि 'किताब म्हणजे पुस्तक' एवढ्याशा भांडवलावर त्याचा निकाल लावून आपण मोकळे होतो.

'क-त-ब'चा एक जुना अर्थ अरबी कोशकारांनी नोंदवला आहे तो जोडण्याचा, शिवण्याचा. पाण्याची कातडी पखाल शिवणे यालाही हेच क्रियापद लागत असे. एकत्र जमलेल्या सैनिकांची तुकडी म्हणजे 'कतीबा' तीही याच धातूची. अक्षराला अक्षर जोडणे म्हणजे लिहिणे, हा पुढचा अर्थ. या धातूची लेकुरे आपल्या ओळखीची आहेत : मकतब, कातिब, मकतूब, कबरीवरचा कतबा, कुतुबखाना.

कुरआनात 'किताब' हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो आणि त्याचे अर्थ पाहू लागलो की पुस्तक ही कल्पना फार अपुरी पडते. सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान सबाच्या राणीला पत्र पाठवतात. त्या पत्राला ती 'किताब' म्हणते आणि विशेषण लावते 'करीम'. तेच विशेषण सूरह वाकिआत कुरआनसाठी येते. सूरह नूरमध्ये गुलामाने ठरलेली रक्कम फेडून सुटका मिळवायची, त्या कराराला 'किताब' म्हटले आहे. सूरह निसात वेळेला बांधलेली नमाज ही 'किताब' आहे, म्हणजे नेमून दिलेले कर्तव्य. रमजानच्या रोज्यांचा हुकूम ज्या शब्दात आला तो 'कुतिबा', लिहिले गेले, लागू केले गेले. कयामतच्या दिवशी माणसाच्या हाती पडणारा त्याच्या कर्मांचा हिशेब हीही 'किताब' आहे. आणि या सर्वांच्या मागे 'उम्मुल किताब', अल्लाहजवळचे मूळ. पत्र, करार, हुकूम, हिशेब, मूळ ज्ञान. यांपैकी एकाही अर्थाला पुठ्ठा आणि शिवण लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. सूरह बकराच्या आरंभी जिला 'अल-किताब' म्हटले आहे, ती त्या वेळी दोन पुठ्ठ्यांत बांधलेली नव्हती. आयती उतरतच होत्या. लोक त्या पाठ करीत होते, आणि खजुरीच्या फांद्यांवर, पातळ पांढऱ्या दगडांवर, उंटाच्या खांद्याच्या हाडांवर लिहून ठेवीत होते. बांधीव प्रत नव्हती, तरी किताब होती.

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या निधनानंतर, यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर, हजरत अबूबकर (रजि.) यांनी जैद बिन साबित यांच्याकडून हे सर्व लेखन एकत्र करवले. तेव्हा प्रश्न पडला की या गोळा केलेल्या पानांना म्हणायचे काय? जलालुद्दीन सुयूती (मृत्यू 1505) यांनी 'अल-इत्कान'मध्ये एक रिवायत दिली आहे. कोणी 'इंजील' सुचवले, ते पसंत पडले नाही. कोणी 'सिफ्र' सुचवले, तो यहुदींचा शब्द म्हणून नको झाला. मग अब्दुल्लाह बिन मसऊद म्हणाले की हबशात आपण एक ग्रंथ पाहिला, तिथले लोक त्याला 'मुसहफ' म्हणतात. तेच नाव ठरले. कुरआनात 'सुहुफ' म्हणजे पाने हा शब्द आहे, इब्राहीम आणि मूसा यांच्या सुहुफचा उल्लेख आहे, पण 'मुसहफ' नाही. हबशाच्या गीझ भाषेत मात्र ग्रंथाला आजही 'मसहफ' म्हणतात, आणि गीझ ही तिथल्या चर्चची भाषा. रिवायतीच्या तपशिलाबद्दल विद्वान काहीही म्हणोत, शब्दाचे नाते भाषाशास्त्राला मान्य आहे. ज्या हबशाचे नाव जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आपल्या कोकणात 'हबसाण' म्हणून रुजले, ज्या देशाच्या ख्रिस्ती राजाने सुमारे 615 साली मक्केतून परागंदा झालेल्या मुस्लिमांना आसरा दिला, त्याच देशातून आपल्या पवित्र ग्रंथाच्या प्रतीचे नाव आले. साहाबांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. आज मराठी शब्द वापरला तर दीन पातळ होईल असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आता 'अहले किताब'. सूरह माइदाने त्यांचे अन्न आणि त्यांच्या स्त्रियांशी निकाह जायज ठरवला. पण पहिल्याच पिढीत अडचण आली ती अग्निपूजक मजूसींची. हजरत उमर (रजि.) यांना प्रश्न पडला तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ यांनी साक्ष दिली की, यांच्याशी अहले किताबसारखे वागा असे प्रेषितांनी सांगितले आहे. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त ही हदीस आहे. 712 च्या सुमारास मुहंमद बिन कासिम सिंधमध्ये आला, तेव्हा तिथली देवळे ख्रिस्ती-यहुद्यांच्या प्रार्थनास्थळांसारखी आणि मजूसींच्या अग्यारीसारखीच आहेत, असे त्याने म्हटल्याचे बलाजुरी लिहितो. पुढे इमाम अबू हनीफांच्या मताने अरबांबाहेरच्या मूर्तिपूजकांकडूनही जिझिया घेऊन त्यांना संरक्षण देता येते, असे ठरले. इमाम शाफईंनी हे मानले नाही. म्हणजे राज्यकारभाराने वाट रुंद केली. दस्तरखान आणि निकाह यांच्यापुरती मात्र फकिहांनी ती अरुंदच ठेवली. आम्हांला हा भेद महत्त्वाचा वाटतो. त्यात धर्मतत्त्वाइतकीच राज्य चालवण्याची सोय दिसते.

कबीर आणि त्यांच्या परंपरेतल्या संतांनी 'बेद-कतेब' अशी जोडी लावली, तीत 'कतेब' म्हणजे आपली किताब. दोन्हींना एका दमात हाक मारून दोन्हींच्या पंडितांना त्यांनी फटकारले. दारा शुकोहने उलट बाजूने सुरुवात केली. काशीच्या पंडितांना बोलावून त्याने सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणली. 1657 मध्ये 'सिर्रे अकबर' पुरे झाले. सूरह वाकिआतल्या 'किताबे मकनून' या शब्दांवर, म्हणजे लपवून जपलेल्या किताबवर, त्याने बोट ठेवले. बहुतेक भाष्यकार तिचा अर्थ 'लौहे महफूज' असा करतात. दाराचे म्हणणे असे की ही उपनिषदेच, कारण उपनिषद म्हणजेच गुह्य. त्याचा हा अर्थ आम्हांला ओढूनताणून आणलेला वाटतो, पण प्रश्न खोटा नव्हता. 1659 मध्ये त्याला ठार केले गेले. भांडण तख्ताचे होते, तरी धर्म सोडल्याचा ठपका कामी आलाच.

दारापेक्षा आम्हांला दिल्लीचे मिर्झा मजहर जाने जानाँ (1699–1781) अधिक विचार करायला लावतात. ते राजपुत्र नव्हते, शरीयतीबद्दल काटेकोर असलेल्या नक्शबंदी सिलसिल्याचे शेख होते. हिंदूंच्या धर्माविषयी कोणी विचारले तेव्हा त्यांनी लिहून कळवले की वेद हे ईश्वराकडून आलेले आहेत, या लोकांतही इशारा देणारे होऊन गेले असले पाहिजेत, आणि त्यांच्या मूर्तिपूजेला अरबस्तानातल्या जुन्या शिर्कच्या मापाने मोजू नये. हा त्यांचा फतवा नव्हता. ते एक मकतूब होते, म्हणजे पत्र. सबाच्या राणीने ज्या चिठ्ठीला किताब म्हटले, तिच्याच धातूचे.