वॉलायसाठी काठी : एका स्वस्त रॉडची वंशावळ

मिनेसोटा किंवा ओहायोतल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नवखा माणूस शिरला, की तो अडखळतो किमतींपाशी. पन्नास डॉलरचा रॉड आणि चारशे डॉलरचा रॉड शेजारी-शेजारी उभे असतात. दोन्ही काळे, दोन्ही साडेसहा-सात फुटांचे. पण मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत, प्रत्येक रॉडवर एक ओळ छापलेली असते : लांबी ६ फूट ६ इंच, पॉवर मीडियम-लाइट, ॲक्शन फास्ट, दोरी ४ ते १० पौंड, आमिषाचं वजन १/८ ते १/२ औंस. ही ओळ वाचता येणाऱ्याला चांगल्या रॉडसाठी चारशे डॉलर मोजावे लागत नाहीत. लाकूडकाम करणाऱ्यांनी, बंदुका घडवणाऱ्यांनी, रसायनशास्त्रज्ञांनी आणि विमानांच्या अभियंत्यांनी शतकानुशतकं केलेली मेहनत तिच्यात उतरली आहे. म्हणून तिचा मागोवा घ्यायचा.

आधी मासा पाहू, कारण रॉड ठरतो तो माशावरून. वॉलाय हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, तिथल्या पर्च कुळातला सर्वांत मोठा. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्यमाशाचा मान दिला. त्याच्या डोळ्यांत उजेड परतवणारा एक थर असतो. त्यामुळे डोळे दुधी, काचेसारखे दिसतात आणि अंधुक प्रकाशातही त्याला भक्ष्य स्वच्छ दिसतं. पहाटे, तिन्हीसांजेला, गढूळ पाण्यात किंवा वाऱ्याने तळं खवळलेलं असताना तो जोमात असतो. एरवी तळाशी राहतो. पण आमिष घेतो ते फार हलकेच, पाण्यासकट तोंडात ओढून. वर हातात जाणवते ती एखादी ‘टक्’, कधी तर नुसता किंचित जडपणा. ती टक् हातापर्यंत पोचली नाही तर माशाने आमिष थुंकलेलंही कळत नाही. तेव्हा वॉलायच्या रॉडचं पहिलं काम स्पर्श पोचवणं, आणि मासा ओढून आणणं त्यानंतरचं.

हे काम जमायला काठीला फार वेळ लागला. इ. स. २००च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या नदीवर मासे धरणाऱ्यांचं वर्णन केलं आहे : सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या गळाने मासे धरण्याविषयीच्या एका पुस्तिकेत काठी बनवायची रीत सविस्तर दिली आहे. थंडीत हेझल, विलो किंवा ॲस्पेनची फांदी तोडायची, भट्टीत तापवून सरळ करायची, सुकवायची, तापलेल्या सळईने आतून पोकळ करायची आणि वर लवचीक लाकडाचं टोक जोडायचं. दोरी घोड्याच्या केसांची. जडपणा कमी करायचा आणि टोक नरम ठेवायचं, या दोन्ही गरजा तेव्हाच्या माणसाला नेमक्या कळल्या होत्या. अडचण होती ती लाकडाची. जाड ठेवलं तर जड, बारीक केलं तर मोडकं.

ही कोंडी फोडली बांबूने, आणि इथे धागा आपल्या मातीपर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘कलकत्ता केन’ नावाने जो बांबू जाई, तो प्रामुख्याने आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या आणि मेळघाटच्या रानात वाढणाऱ्या मानवेलाच्या जातीचा असल्याचं मानलं जातं. लाठ्याकाठ्यांना वापरतात तो भरीव, चिवट बांबू. बांबूचं खरं बळ त्याच्या सालीलगतच्या दाट धाग्यांत असतं, आतला भाग पोचट असतो. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. १८४०च्या दशकात त्याने हा बांबू उभा चिरला, आतला गर काढून टाकला आणि सालीकडच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून रॉड तयार केला. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांची पद्धत रुळवली. प्रत्येक पट्टी त्रिकोणी तासायची, टोकाकडे निमुळती करत न्यायची. सहाही जोडल्या की साल बाहेर राहते आणि मधोमध गाभा जुळतो. यात केसभर चूक झाली तरी सांधा उघडा पडतो. लेनर्डने त्यासाठी पट्ट्या तासणारं यंत्र बनवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानवेलाची जागा दक्षिण चीनमधल्या अधिक सरळ, लांब पेऱ्यांच्या टोंकिन बांबूने घेतली.

चिरलेल्या बांबूच्या रॉडने स्पर्श दिला, पण तो सर्वांना परवडला नाही. चांगला रॉड म्हणजे कारागिराचा कित्येक दिवसांचा वेळ. कारखान्यांनी स्वस्त बांबू रॉड काढले, १८८७ साली कनेक्टिकटच्या एव्हरेट हॉर्टनने एकात एक सरकणाऱ्या पोलादी नळ्यांच्या रॉडचं पेटंट घेतलं. पोलाद मोडत नसे, पण हाताला जड लागे. गरिबाला चिवटपणा आणि श्रीमंताला स्पर्श, अशी ही वाटणी दीर्घकाळ टिकली.

ती बदलली ओहायोतल्या टोलेडो शहरात. काचेच्या उद्योगाचं हे शहर मॉमी नदीवर वसलं आहे, आणि ही नदी जिथे ईरी सरोवराला मिळते तिथून दर वसंतात वॉलाय अंडी घालायला झुंडीने वर चढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथल्या आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाच्या बांबू रॉडचं टोक मोडलं. युद्धामुळे नवं टोक मिळेना, तेव्हा त्याने काचतंतू राळेत बसवून स्वतःच टोक घडवलं. त्याच्या पद्धतीवरून शेक्सपिअर कंपनीने १९४७ साली ‘वंडररॉड’ बाजारात आणला. डिसेंबर १९५०मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन बांबू येईनासा झाला आणि फायबरग्लासला मैदान मोकळं मिळालं. पाण्याने न फुगणारा, न वाकडा होणारा, साच्यावर शेकड्यांनी निघणारा रॉड पहिल्यांदाच कामगाराच्या आवाक्यात आला.

याच सुमारास दोन सोबती आले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर गिरणीतल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली स्थिर रिळाचं पेटंट घेतलं होतं. त्यात दोरी फेकताना रीळ फिरत नाही, दोरी नुसती सुटत जाते. पुढे नायलॉनची दोरी आली. महायुद्धानंतर ही जोडी सर्वदूर पोचली आणि १/८ औंसाचा, म्हणजे साडेतीन ग्रॅमचा जिग (वजनदार डोक्याचा गळ) लांब फेकणं नवख्यालाही शक्य झालं. वॉलायची आजची बरीचशी मासेमारी याच हलक्या जिगवर उभी आहे.

पुढची उडी विमानांमुळे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात बळकट कार्बनतंतू तयार झाले. साधा कार्बनतंतू काचतंतूच्या सुमारे तिप्पट ताठ असतो, आणि तितक्याच जाडीत त्याचं वजन सुमारे सत्तर टक्केच भरतं. १९७३ साली फेनविक कंपनीने त्याचा रॉड अमेरिकेत आणला. दुकानात ‘ग्राफाइट’ म्हणतात तो हाच. हलका, ताठ, तळाचा एकेक दगड हातात सांगणारा. पण ठिसूळही : गाडीच्या दारात सापडला किंवा मासा होडीजवळ आल्यावर काठी सरळ उभी उचलली की तडकतो. म्हणून १९७६ साली शेक्सपिअरच्याच ‘अग्ली स्टिक’मध्ये काच आणि ग्राफाइट एकत्र आले. काळ्या काठीला वर भरीव काचेचं पांढरट टोक. दिसायला ओबडधोबड, पण सहजी न मोडणारं.

आता दुकानातली ती ओळ पुन्हा वाचू. पॉवर म्हणजे रॉड वाकायला किती जोर लागतो ते. वॉलायला मीडियम-लाइट किंवा मीडियम पुरे, कारण टोक फार कडक असेल तर आमिष ओढताना माशाला विरोध जाणवतो आणि तो सोडून देतो. ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट रॉड टोकाकडच्या एक तृतीयांश भागात वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे टक् कळते आणि त्याच क्षणी मनगटाच्या झटक्याने गळ माशाच्या हाडाळ तोंडात रुततो. साडेसहा ते सात फूट लांबी होडीत आणि काठावर, दोन्हीकडे चालते. रीळ २५०० मापाचं, दोरी सहा ते आठ पौंडांची नायलॉन.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी हाताने पाहाव्यात. एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघावं, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मग कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. धागा अडकला तर कडीच्या आतल्या कड्याला चीर आहे, ती दोरी कापणार. असा रॉड महाग असला तरी नको.

राहिला प्रश्न पैशाचा. चारशे डॉलरच्या रॉडमध्ये वजन कमी आणि स्पर्श आणखी साफ असतो हे खरं, पण तो फरक ओळखायला आधी हात तयार व्हावा लागतो. मिनिआपोलिसला किंवा टोरांटोला नोकरीनिमित्त गेलेल्या आणि पहिल्यांदाच तळ्यावर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला मी निःसंकोच सांगेन : मासेमारीचं लायसन्स काढा, पन्नासेक डॉलरचा साधा ग्राफाइट किंवा काच-ग्राफाइट मिश्र रॉड घ्या, आणि उरलेले पैसे ताज्या दोरीवर आणि वेगवेगळ्या वजनांच्या जिगवर घाला. दोन हंगामांत हात शिकेल. महागडा रॉड हवा का, हे तेव्हा ठरवा. तोवर या साध्या रॉडमध्ये जो स्पर्श आहे तो लेनर्डच्या काळात पैसेवाल्यांनाच मिळे, आणि जो चिवटपणा आहे तो त्यांनाही मिळत नसे.