सुई, मूल आणि नोंदवही

वैद्यकीय उपचार चालू असताना मुलाच्या जिवाची जी तगमग होते, तिच्यात वेदना, भीती आणि आपल्याला बळेच धरून ठेवल्याचा संताप हे इतके मिसळलेले असतात की त्यांना वेगळे काढणे निष्णात निरीक्षकालाही अवघड जाते. मराठीत तिला कासाविशी म्हणणे त्यातल्या त्यात रास्त, कारण नुसते ‘दुखणे’ म्हटले की भीती निसटते आणि नुसते ‘रडणे’ म्हटले की न रडता अंग ताठ करून बसलेले मूल हिशेबातून सुटते. ही कासाविशी अंकांत मोजण्याचे शास्त्र जेमतेम अर्ध्या शतकाचे आहे. आज जिथे मीरा-भाईंदर वसले आहे त्या साष्टीच्या परिसरात मात्र मुलांना लस टोचण्याचा इतिहास त्याहून कितीतरी जुना असून, त्याचा प्रारंभ शेजारच्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी झाला.

त्या दिवशी बगदाद आणि बसऱ्यामार्गे आलेली गोस्तन देवीची लस अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढलेली पहिली व्यक्ती म्हणून तिचे नाव राहिले आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचले गेले आणि तिथून ती देशात इतरत्र पोचली. या मुलीविषयी फारच थोडे ज्ञात आहे, पण तिला टोचणाऱ्या डॉक्टरने ती स्वभावाने विलक्षण शांत असल्याचे आवर्जून लिहून ठेवले. उपचाराच्या वेळी मूल कसे वागले याविषयीचा या प्रदेशातील हा बहुधा सर्वात जुन्या लेखी अभिप्रायांपैकी एक असावा, आणि तो वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये: ज्या मुलीच्या दंडातून लस काढायची, ती स्वस्थ बसणे ही डॉक्टरची गरज होती. अभिप्राय मुलीविषयी असला तरी त्यात मोजली गेली ती टोचणाऱ्याची सोय.

‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग पुढे खेडोपाडी रुळला. दंडावरून दंडावर लस नेण्याच्या त्या पद्धतीत मुलाला दोनदा सोसावे लागे, एकदा टोचताना आणि नंतर आठवडाभराने, टोचणी ‘लागली’ की नाही हे तपासून त्याच्याच फोडातून पुढच्या मुलांसाठी लस काढताना. पालकांचा विरोध पुष्कळदा या दुसऱ्या वेळेला असे. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने लसीकरणाची आकडेवारी लिंग, धर्म आणि वय या रकान्यांत मांडली आहे, आणि त्यात आजच्या मीरा-भाईंदरमधल्या राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन यांसारख्या गावांतील आगरी, कोळी आणि ख्रिस्ती घरांतली मुले गृहीत धरायची ती नुसती बेरजेतला भाग म्हणून. १८९२ च्या मुंबई जिल्हा लसीकरण कायद्याने सक्तीची वाट मोकळी केली, तेव्हाही दप्तरात व्रणाला जागा होती, रडण्याला नव्हती.

याला केवळ सरकारी बेफिकिरी कारणीभूत होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण खुद्द विज्ञानाचीच समजूत वेगळी होती. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी अमेरिकेत ७५ बालकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या आणि नवजात अर्भकांचा प्रतिसाद क्षीण व विस्कळीत असल्याचे मांडले. त्यातून अर्भकाला वेदना फारशी होत नाही हा समज बळावला, आणि स्नायू शिथिल करणारे औषध व जुजबी भूल एवढ्यावर अर्भकांच्या शस्त्रक्रिया होत राहिल्या. या समजाला तडा दिला तो इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी: अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक दिले तर शरीरातील ताणाची संप्रेरके कमी उसळतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले.

मोठ्या मुलांच्या बाबतीत मापनाची सुरुवात कर्करोगाच्या वॉर्डांतून झाली. हाडातील मगज तपासण्यासाठी पुन्हापुन्हा सुई घालावी लागणाऱ्या ११५ मुलांचे निरीक्षण करून कॅट्झ, केलरमन आणि सीगल यांनी १९८० मध्ये तेरा वर्तनखुणांची यादी सिद्ध केली. पाठोपाठ १९८३ मध्ये सुसान जे आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्तनांची श्रेणी प्रसिद्ध केली, जिच्यात दर पंधरा सेकंदांना खूण करायची असून किंकाळीला अधिक आणि ‘आता काय करणार?’ या विचारण्याला कमी भार दिलेला आहे. या श्रेणीत ‘धरून ठेवावे लागले’ ही खूणही मुलाच्या कासाविशीत मोजली जाते. धरणारे हात मोठ्यांचे आणि गुण मुलाच्या खात्यावर, हा हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे, कारण चार जणांनी आधीच आवळून धरलेले मूल आणि धडपडल्यामुळे धरावे लागलेले मूल यांत फरक कुणी करायचा?

मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न भाषेशीही जोडलेला आहे. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ भरली, आणि तिथल्या दवाखान्यात मूल मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी किंवा उत्तनच्या बोलीत ‘नको’ म्हणू शकते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना शून्य ते दोन गुण देणारी १९९७ ची ‘फ्लॅक’ श्रेणी बोलण्यावर फारशी अवलंबून नसल्याने इथे सोयीची ठरते. ‘आई, भीती वाटते’ या वाक्याला मोजणारी श्रेणी मात्र ते वाक्य समजणारा निरीक्षक मागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये टोचताना मुलाला पालकाने जवळ धरावे, तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे आणि सर्वाधिक झोंबणारी लस शेवटी द्यावी, असे सुचवले. त्यासाठी श्रेणी लागत नाही. कासाविशीची नोंद मात्र राहूनच जाते: घरोघरच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या लसीकरणाच्या भागात आजही लशीचे नाव, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख एवढेच रकाने भरले जातात, कारण लसीकरणाच्या दिवशी एकाच परिचारिकेपुढे रांग लागलेली असते आणि पंधरा-पंधरा सेकंदांनी खूण करत बसायला दुसरे माणूस मोकळे नसते.