एच.आय.व्ही.बाधित मुले आणि औषध : एका विलंबाचा इतिहास

एच.आय.व्ही.चा इतिहास सांगताना सामान्यतः जून १९८१ पासून प्रारंभ करतात. त्या महिन्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांच्या अनाकलनीय आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. मुलांचा इतिहास त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर १९८२ मध्ये सुरू होतो. प्रतिकारशक्ती नाहीशी झालेल्या चार तान्ह्या मुलांची हकिकत तेव्हा प्रथम छापली गेली. पुढे ३० वर्षे हाच क्रम टिकला. आधी मोठ्यांसाठी औषध आणि मग, बरेच मागाहून, मुलांसाठी. या विलंबाचा आणि औषध मिळाल्यावर मुलांच्या शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्या घराण्यांचा या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. भारतात या विषाणूचा पुरावा प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये मिळाला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांनी ‘हा रोग आपल्याकडचा नव्हे’ हा समज संपवला. १९९३ साली डॉ. सॉलोमन यांनी रुग्णांसाठी स्थापन केलेल्या संस्थेला गायतोंडे हेच नाव दिले. शिवाय बेळगाव, बागलकोट, सांगली आणि सोलापूर हा सीमेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा दीर्घकाळ या रोगाने अधिक ग्रासलेल्या भागांत मोडत होता. हा इतिहास आपल्या उंबरठ्यापासून फार दूर नाही.

औषधाविना या मुलांचे काय होत असे, ते आधी पाहिले पाहिजे. बाधित मातेकडून विषाणू मुलाला गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून मिळतो. प्रौढ माणसात सुरुवातीला वाढलेले विषाणूंचे प्रमाण काही आठवड्यांत बरेच खाली येते, आणि त्यानंतर अनेक वर्षे बरी जातात. तान्ह्या मुलाची प्रतिकारशक्ती अजून घडत असल्यामुळे विषाणू पहिले वर्ष-दोन वर्षे अनिर्बंध वाढतो. आफ्रिकेतील अनेक पाहण्या एकत्र करून २००४ साली जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार उपचार न मिळालेल्या बाधित मुलांपैकी सुमारे ३५ टक्के पहिल्या वाढदिवसापूर्वी आणि ५२ टक्के दुसऱ्या वाढदिवसापूर्वी दगावत होती.

पहिले औषध, झिडोव्हुडिन, अमेरिकेत प्रौढांसाठी मार्च १९८७ मध्ये मान्य झाले. मुलांसाठीची मान्यता १९९० साली आली. मधल्या काळात डॉ. फिलिप पिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ मुलांना हे औषध एका छोट्या पंपाच्या साहाय्याने शिरेतून अखंड देऊन पाहिले. त्याचा वृत्तान्त १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ मुलांच्या मेंदूवर रोगाचा परिणाम झालेला होता, आणि त्या सर्वांत सुधारणा दिसली. मंदावलेली मुले पुन्हा खेळू-बोलू लागली, त्यांचा बुद्ध्यंक वाढला. मुलाच्या मेंदूची गेलेली शक्ती अंशतः का होईना परत येऊ शकते, हे वैद्यकाला येथे प्रथमच उमगले.

याच सुमारास एलिझाबेथ ग्लेझर या मातेचा लढा चालू होता. १९८१ साली प्रसूतीच्या वेळी दिलेल्या रक्तातून त्यांना बाधा झाली आणि अंगावरच्या दुधातून ती त्यांची मुलगी एरिएल हिला झाली. मोठ्यांना मिळणारे औषध आपल्या मुलीला मात्र सहज मिळत नाही, हे त्यांनी अनुभवले. १९८८ साली, वयाच्या सातव्या वर्षी, एरिएल गेली. त्याच वर्षी ग्लेझर यांनी बाधित मुलांसाठी संस्था उभारली. पुढील पुष्कळ संशोधनाला आणि धोरणाला तिने बळ दिले.

एकाच औषधाचा गुण टिकत नसे, कारण विषाणू त्याला लवकरच सरावत असे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि प्रौढांचे मृत्यू झपाट्याने घटले. मुलांच्या बाबतीत मात्र एक विचित्र गोष्ट घडली. गरोदर मातेला आणि नवजात बालकाला झिडोव्हुडिन दिल्यास मुलाला होणारी बाधा २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, हे १९९४ साली सिद्ध झाले होते. त्यामुळे श्रीमंत देशांत बाधित मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले. ही आनंदाची गोष्ट खरी. पण त्याबरोबर मुलांच्या औषधाची फायद्याची बाजारपेठही संपली. उरलेली मुले गरीब देशांत होती, आणि त्यांच्यासाठी औषध बनवण्यात कंपन्यांना स्वारस्य नव्हते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या वतीने युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला. तोवर त्याच उपचाराला १० हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत उपचार सुरू केला. परंतु या गोळ्या मोठ्यांच्या मापाच्या होत्या. मुलांसाठीची पातळ औषधे महाग, काही अतिशय कडू, तर काही शीतपेटीत ठेवावी लागणारी. त्यामुळे अनेक ठिकाणी मोठ्यांची गोळी अर्धी किंवा पाव करून मुलाला देत. यात एक दोष होता. मुलाचे शरीर वजनाच्या मानाने काही औषधे मोठ्यांपेक्षा लवकर पचवून टाकते, त्यामुळे पाव गोळीतून नेव्हिरापिनची मात्रा कमी पडे आणि विषाणू औषधाला सरावण्याची भीती राही. मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, हा धडा असा मोल देऊन शिकावा लागला. भारतात मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला, आणि त्याच सुमारास पाण्यात विरघळणाऱ्या, मुलांच्या मापाच्या एकत्रित गोळ्या तयार होऊ लागल्या.

औषध सुरू झाल्यावर मुलाच्या शरीरात काय घडते? पहिले काही महिने कसोटीचे असतात, कारण उशिरा आलेल्या मुलांचे सर्वाधिक मृत्यू याच काळात होतात. काही मुलांत जागी झालेली प्रतिकारशक्ती आधीच दडून बसलेल्या जंतूंवर तुटून पडते, आणि मूल सुधारण्याऐवजी आजारी दिसू लागते. जन्मतः बी.सी.जी.ची लस टोचलेल्या तान्ह्या मुलाच्या काखेत गाठ येते. औषध बाधले असे समजून ते बंद करण्याचा मोह घरच्यांना होतो. वास्तविक ती गाठ बहुधा औषध लागू पडल्याची खूण असते. ती डॉक्टरांना दाखवावी, औषध मात्र आपल्या मनाने थांबवू नये.

त्यानंतरची वाटचाल आशादायक असते. भूक परतते, वजन वाढू लागते. उंची मात्र सावकाश, वर्षा-दोन वर्षांत सावरते. प्रतिकार करणाऱ्या सीडी-४ पेशी मुलांत मोठ्यांपेक्षा चांगल्या भरून येतात, कारण छातीतील थायमस ग्रंथी लहानपणी जोमाने नव्या पेशी घडवीत असते आणि वयाबरोबर आकसत जाते. लहान वयात औषध मिळाले तर तुटलेली बाजू निसर्गच बांधून काढतो. मात्र पूर्वी टोचलेल्या लसींची गमावलेली आठवण आपोआप परत येत नाही. म्हणून प्रकृती सावरल्यावर गोवराची लस पुन्हा द्यावी लागते. आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत ज्यांना औषध मिळाले नाही, त्यांच्यापैकी अनेकांची उंची खुंटलेलीच राहते, वयात येणे लांबते आणि अभ्यासातील उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

मग औषध नेमके केव्हा सुरू करावे? मूल आजारी पडेपर्यंत किंवा सीडी-४ पेशी घटेपर्यंत थांबावे, असा बराच काळ प्रघात होता. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो आणि केप टाउन येथे झालेल्या अभ्यासाने तो मोडला. सहा ते बारा आठवड्यांच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या बाधित अर्भकांपैकी २५२ जणांना लगेच औषध दिले गेले. १२५ जणांना प्रचलित पद्धतीप्रमाणे थांबवले गेले. पहिल्या गटात १० मुले दगावली, दुसऱ्यात २०. म्हणजे ४ टक्क्यांविरुद्ध १६ टक्के. २००७ साली देखरेख समितीने हा फरक पाहून थांबवलेल्या मुलांनाही औषध द्यावयास सांगितले, आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाखालील प्रत्येक बाधित मुलाला तत्काळ औषध देण्याची शिफारस केली. ही मर्यादा २०१० साली दोन वर्षे आणि २०१३ साली पाच वर्षे झाली. २०१५ साली वयाची अटच गेली. भारताने २०१७ साली हे धोरण स्वीकारले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ७०७ मुलांवर डोल्युटेग्रॅविर हे औषध जुन्या औषधांपेक्षा सरस ठरले. आता त्याची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी मिळते. एरिएलला शिरेतून घ्यावे लागलेले औषध आणि ही गोळी यांच्यामध्ये साधारण ३० वर्षांचे अंतर आहे.

तरीही विलंब संपलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ सालच्या आकड्यांनुसार जगातील बाधित प्रौढांपैकी ७७ टक्के उपचार घेत होते. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत हे प्रमाण ५७ टक्के होते. औषधाचा शोध लागला आहे, किंमतही उतरली आहे. मग मूल मागे का राहते? दीड वर्षापर्यंत मुलाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे असल्यामुळे साध्या चाचणीने निदान होत नाही. वेगळी चाचणी करावी लागते, आणि त्यासाठी कोणीतरी मुलाला वेळेवर घेऊन यावे लागते. येथे घरातील मौन आड येते. आपल्या जुन्या घरांत क्षयाचे नावदेखील दबक्या आवाजात घेत असत. हा त्याच मौनाचा वारसा आहे. मुलाला गोळी रोज दिली जाते, ती कशासाठी हे सांगितले जात नाही. शाळकरी वयात मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने खरे सांगावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ पासूनचा सल्ला आहे. कारण न सांगितलेली गोळी पौगंडवयात टाळली जाते, आणि लहानपणी कमावलेले सारे हातचे जाते.

चाळीस वर्षांचा हा इतिहास वाचताना आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. ज्या ज्या वेळी औषध वेळेवर आणि योग्य मात्रेत मिळाले, त्या त्या वेळी मुलांच्या शरीराने त्याचे चीज केले. उशीर झाला तो मोठ्या माणसांकडून. त्यातला प्रयोगशाळांचा आणि बाजाराचा वाटा बराचसा फिटला आहे. घराचा वाटा फेडणे अजून आपल्याकडे बाकी आहे.